उभी तार एक, आडवी दुसरी : टेनिस रॅकेटचं ‘हायब्रिड गटिंग’ म्हणजे काय, आणि मुलांच्या कोपराशी त्याचा काय संबंध?

मूल टेनिस खेळायला लागलं की पहिल्या वर्षी घरात रॅकेटची चर्चा होते, दुसऱ्या वर्षी बुटांची, आणि तिसऱ्या वर्षापासून गटिंगची. तार तुटली की दुकानात जायचं, ‘चांगली टाका’ म्हणायचं आणि पैसे देऊन यायचं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मग एक दिवस दुकानदार विचारतो, ‘हायब्रिड करून देऊ का? सगळे मोठे प्लेअर तेच वापरतात.’ मुलगा किंवा मुलगी लगेच मान डोलावते. अब्बा-अम्मी एकमेकांकडे पाहतात. हायब्रिड म्हणजे महाग, एवढाच अर्थ त्यांच्या कानावर पडलेला असतो.

सानिया मिर्झाला पाहून रॅकेट हाती घेतलेल्या मुली आपल्या घराघरांत आहेत. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनची फायनल खेळलेल्या ट्युनिशियाच्या ओन्स जाबेरमुळे त्यात आणखी भर पडली. पुण्यात बालेवाडीला एटीपीची स्पर्धा काही वर्षं झाली, तेव्हा मोठे खेळाडू जवळून पाहायला मिळाले. पोरं त्यांच्या रॅकेटकडे बघतात आणि तसंच सगळं मागतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ. यात पैशांचा प्रश्न आहे, आणि त्याहून मोठा प्रश्न वाढत्या वयातल्या हाताचा आहे.

ताणा आणि बाणा

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. कापडात उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. रॅकेटही तशीच विणलेली असते. उभ्या तारांना इंग्रजीत ‘मेन’ म्हणतात, आडव्यांना ‘क्रॉस’. बहुतेक रॅकेटवर १६×१९ किंवा १८×२० असे आकडे छापलेले असतात. १६ उभ्या आणि १९ आडव्या, असा त्याचा अर्थ. एका रॅकेटला साधारण १२ मीटर तार लागते.

नेहमीच्या गटिंगमध्ये उभी आणि आडवी तार एकाच जातीची असते. हायब्रिडमध्ये उभ्या एका जातीच्या आणि आडव्या दुसऱ्या जातीच्या. ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टरचा, तसंच हे. नियमाने याला पूर्ण परवानगी आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचा नियम एवढंच म्हणतो की तारा सपाट असाव्यात, एकमेकींवरून-खालून विणलेल्या असाव्यात, विण सगळीकडे साधारण सारखी असावी आणि दोन्ही बाजूंनी रॅकेट सारखीच खेळावी.

हा नियम आला त्यामागे एक किस्सा आहे. १९७७ साली ‘स्पॅगेटी’ नावाची विचित्र गटिंग निघाली होती. तिच्यात उभ्या तारा आडव्यांमध्ये विणलेल्याच नसायच्या, त्यामुळे चेंडूला भलतीच फिरकी मिळायची. त्या वर्षी मातीच्या कोर्टवर सलग जिंकत आलेल्या गिलेर्मो व्हिलासची मालिका इली नास्तासेने याच रॅकेटने फ्रान्समध्ये संपवली. वैतागलेल्या व्हिलासने सामनाच अर्धवट सोडला. त्यानंतर लगेच या गटिंगवर बंदी आली. हायब्रिड मात्र विणलेलीच असते, त्यामुळे शालेय स्पर्धेपासून विम्बल्डनपर्यंत ती कुठेही चालते.

तारांच्या चार जाती

हायब्रिड म्हणजे दोन जातींचं मिश्रण. तेव्हा आधी जाती ओळखायला हव्यात.

पहिली, नॅचरल गट. ही जनावराच्या आतड्याच्या पडद्यापासून बनते. पूर्वी मेंढीचं आतडं वापरत, आता मुख्यतः गाईचं. ‘कॅटगट’ असं जुनं नाव असलं तरी मांजराचा त्यात काही संबंध नाही. फ्रान्समधल्या लियों शहरातली बाबोला ही कंपनी १८७५ पासून टेनिसच्या तारा बनवते. ही तार सगळ्यांत मऊ, हाताला सगळ्यांत सुखाची, आणि ताण सगळ्यांत जास्त दिवस टिकवणारी. पण किमतीला जबर, आणि दमट हवा तिला सोसत नाही. मुंबई, रायगड, रत्नागिरीच्या पावसाळ्यात ती फुगते, उकलते आणि लवकर जाते.

दुसरी, मल्टिफिलामेंट. शेकडो बारीक तंतू एकत्र वळून केलेली, नॅचरल गटची नक्कल म्हणावी अशी. मऊ असते, पण खेळताना तिचे धागे निघतात.

तिसरी, सिंथेटिक गट. नाव गट असलं तरी ही नायलॉनचीच. मधे एक जाड गाभा आणि भोवती बारीक तंतूंचं वेष्टन. स्वस्त आणि सगळ्या बाबतींत मध्यम. रॅकेटबरोबर जी तार येते ती बहुधा हीच.

चौथी, पॉलिस्टर, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘पॉली’. एकच जाड, कडक, गुळगुळीत धागा. १९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६ व्या क्रमांकावर असलेला ब्राझीलचा गुस्तावो कुर्तेन लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉली लावून फ्रेंच ओपन जिंकला आणि बघता बघता सगळा व्यावसायिक टेनिस या तारेकडे वळला. पॉली सहजी तुटत नाही आणि फिरकी जबरदस्त देते. पण ती हाताला सगळ्यांत कडक लागते आणि तिचा ताण सगळ्यांत लवकर उतरतो.

फिरकी येते कुठून?

बहुतेकांना वाटतं, खरखरीत तार चेंडूला ‘पकडते’ म्हणून फिरकी मिळते. प्रत्यक्षात काम वेगळ्या तऱ्हेने होतं. चेंडू तारांवर जेमतेम ४-५ मिलिसेकंद असतो. वरच्या दिशेने घासून मारलेल्या फटक्यात उभ्या तारा चेंडूबरोबर बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्याने जागेवर परत येतात. हा परतीचा झटका चेंडूला जादा फिरकी देतो. तारा एकमेकींवरून जितक्या सहज घसरतील तितका झटका जोरदार. पॉली गुळगुळीत आणि कडक, म्हणून तिच्यात हे छान जमतं. नायलॉन नायलॉनवर घासतं आणि तारा सरकलेल्या जागीच अडकून बसतात.

हे घरच्या घरी तपासता येतं. एक लांब रॅली झाल्यावर मुलाची रॅकेट बघा. उभ्या तारा वाकड्यातिकड्या झाल्या असतील आणि तो प्रत्येक पॉइंटनंतर बोटांनी सरळ करत बसत असेल, तर तारा परत येत नाहीयेत. हायब्रिडचं गणित इथूनच सुरू होतं. दोन तारांपैकी एक जरी गुळगुळीत पॉली असली, तरी घसरण बरीच सुधारते, आणि दुसरी तार मऊ ठेवून हाताला आराम देता येतो.

कोणती तार उभी, कोणती आडवी?

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रॅकेटचा स्वभाव मुख्यतः उभ्या तारा ठरवतात. त्या लांब असतात, चेंडूचा भार जास्त घेतात, सरकतातही त्याच आणि तुटतातही बहुधा त्याच. आडव्या तारा त्या स्वभावात थोडी भर घालतात किंवा थोडा तोल साधतात. त्यामुळे त्याच दोन तारा उलटसुलट लावल्या तर रॅकेट वेगळीच खेळते.

उभी मऊ, आडवी पॉली : रॉजर फेडररने कारकिर्दीचा मोठा काळ उभी नॅचरल गट आणि आडवी पॉली वापरली. नोव्हाक जोकोविच आणि सेरेना विल्यम्स यांचीही मांडणी अशीच. मऊ तारेचा जोर आणि आराम मिळतो, आणि खालची गुळगुळीत पॉली तिला सरकायला मदत करते. इथे आडवी पॉली गोल आणि गुळगुळीतच हवी. कोनदार, धारदार पॉली घातली तर ती करवतीसारखी उभी तार कापते.

उभी पॉली, आडवी मऊ : अँडी मरेची मांडणी ही. फिरकी आणि ताबा जास्त, पूर्ण पॉलीपेक्षा हात थोडा सुखात. आपल्याकडच्या दुकानांत ‘हायब्रिड’ म्हटलं की बहुधा हीच करून देतात, उभी पॉली आणि आडवी सिंथेटिक गट. वारंवार तार तोडणाऱ्या पोरांना ती परवडते.

दोन वेगळ्या पॉली : उभी कोनदार आणि आडवी गुळगुळीत. नावाला हायब्रिड, पण हाताच्या दृष्टीने ही पूर्ण पॉलीच. कोपर दुखणाऱ्याला ‘हायब्रिड आहे, मऊ आहे’ असं सांगून ही दिली जात असेल, तर नाही म्हणा.

आणि हो, राफेल नदाल आयुष्यभर हायब्रिडशिवाय, पूर्ण पॉलीवर खेळला. पीट सँप्रस पूर्ण नॅचरल गटवर. तेव्हा ‘सगळे मोठे प्लेअर’ एकच काही वापरत नाहीत.

कोपराचा हिशोब

कडक तार धक्का कमी शोषते. तो धक्का मनगट, कोपर आणि खांद्याकडे जातो. मोठ्यांमध्ये कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, ज्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. पाण्याचा तांब्या उचलताना, दाराची मूठ फिरवताना कळ येते. मुलांच्या बाबतीत काळजी आणखी जास्त, कारण त्यांची हाडं अजून वाढत असतात आणि वाढीच्या जागा नाजूक असतात.

इथे एक अडचण आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. पॉली तुटत नाही, पण ‘मरते’. साधारण १५-२० तासांच्या खेळानंतर तिचा ताण उतरलेला असतो आणि लवचीकपणाही गेलेला असतो. तार दिसायला शाबूत, म्हणून आपण म्हणतो, पैसे वसूल होतायत, चालू दे. पोरगं मात्र मेलेल्या तारेतून चेंडूला जोर यावा म्हणून हाताने जादा ताकद लावत राहतं. व्यावसायिक खेळाडू सामन्यागणिक नवी गटिंग करून घेतात, त्यामुळे त्यांना मेलेली पॉली माहीतच नसते. त्यांची तार आपण घेतो, त्यांचा खर्च आपण करू शकत नाही. नुकसान या फरकातून होतं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. १२-१३ वर्षांखालच्या मुलांना पॉली नकोच, हायब्रिडमध्येसुद्धा नको. सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट पुरे. १० वर्षांखालच्या स्पर्धा तर २०१२ पासून लाल, नारिंगी, हिरव्या अशा हळू चेंडूंवरच होतात. तिथे गटिंगचे प्रयोग करण्यात काही अर्थ नाही. त्यानंतर, मूल स्वतःच्या ताकदीने नियमित तार तोडू लागलं की हायब्रिडचा विचार करावा. तार तोडतच नसेल, तर त्याला पॉलीची गरज नाही, हे सरळ समजावं.

तारांत बसवायचं छोटं रबर, ज्याला डॅम्पनर म्हणतात, ते फक्त आवाज बदलतं. कोपर वाचवत नाही. आणि दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं तर तार बदलत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ताण किती ठेवायचा?

रॅकेटच्या आतल्या बाजूला ५०-६० पाउंड अशी मर्यादा छापलेली असते. गटिंगवाले पाउंडातच बोलतात. ५० पाउंड म्हणजे साधारण २२.७ किलो. लोकांचा समज असतो की जितकी घट्ट तार तितका फटका जोरात. उलट आहे. घट्ट तारेने ताबा येतो. सैल तारेने चेंडू जास्त लांब जातो, आणि हातालाही ती सुखाची. पॉली मुळात कडक, म्हणून ती नायलॉनपेक्षा २ ते ४ पाउंड कमी ताणावर लावावी. सिंथेटिक ५२ वर खेळत असाल तर हायब्रिडमधली पॉली ४८ वर आणि सिंथेटिक ५० ते ५२ वर, ही सुरुवात योग्य आहे.

प्रयोग कसा करावा

हायब्रिडमध्ये शक्यता इतक्या आहेत की माणूस भरकटतो. म्हणून आम्ही एक सोपी रीत सुचवतो.

१. आधी पाया ठरवा. पूर्ण सिंथेटिक गट, ५२ पाउंड. ८-१० तास खेळा. पुढची सगळी तुलना याच्याशी.

२. मग उभी पॉली ४८, आडवी सिंथेटिक ५०. पुन्हा ८-१० तास.

३. मग त्याच दोन तारा उलट. उभी सिंथेटिक ५२, आडवी गुळगुळीत पॉली ४८.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. तार बदलली तर चेंडू, बूट, प्रशिक्षकाचा नवा सल्ला यांची भेसळ नको, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

५. वही ठेवा. तारीख, तारेचं नाव, ताण, खेळलेले तास, चेंडू लांब जातोय की जाळीत, उसळी कशी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे.

दोन सारख्या रॅकेट असतील तर आणखी बरं. दोन्हींवर वेगळी गटिंग करा, मुठीखाली फक्त एक ठिपका मारा आणि कोणती कुठली ते मुलाला सांगू नका. नावाचा आणि जाहिरातीचा मनावर किती परिणाम होतो ते यातून दिसतं. मूल डोळे झाकून जी निवडेल ती त्याची.

गटिंगवाल्याला काय सांगायचं

हायब्रिड दोन तुकड्यांत होते, त्यामुळे दोनऐवजी चार गाठी येतात. उभ्या आणि आडव्या तारेचा ताण वेगवेगळा लिहून द्या, तोंडी सांगू नका. ‘उभी’ आणि ‘आडवी’ हे शब्द स्पष्ट वापरा. गटिंग झाल्यावर तारीख आणि ताण चिठ्ठीवर लिहून घ्या.

मशीनचाही फरक पडतो. हाताने फिरवायच्या मशीनमध्ये ठरलेला ताण आला की ओढणं थांबतं. इलेक्ट्रॉनिक मशीन तार ओढतच राहतं, त्यामुळे त्याच आकड्यावर तार थोडी घट्ट बसते. म्हणून प्रयोग चालू असेपर्यंत दुकान आणि मशीन बदलू नका.

घरी जुनी तार कापणार असाल तर मधून सुरुवात करा. एक उभी, एक आडवी असं करत बाहेरच्या बाजूला या. एकाच बाजूच्या सगळ्या तारा कापल्या तर फ्रेम वाकण्याचा धोका असतो.

खर्चाचं गणित

हायब्रिड महागच असते असं नाही. सिंथेटिकचं एक पाकीट आणि पॉलीचं एक पाकीट घ्या. दोन्ही अर्धी कापा. दोन पाकिटांत दोन वेळची हायब्रिड गटिंग होते. नेहमीच्या आकाराच्या रॅकेटला ६-६ मीटर सहसा पुरतं, पण कापण्याआधी गटिंगवाल्याकडून मोजून घ्यावं. मैदानावर तीन-चार घरं मिळून २०० मीटरचं रीळ घेतलं तर त्यातून हायब्रिडची अर्धी अर्धी गटिंग ३० च्या आसपास निघते, आणि पाकिटापेक्षा ते स्वस्त पडतं.

नॅचरल गटचंही असंच. एका महागड्या पाकिटातून दोन रॅकेटच्या उभ्या तारा होतात, खर्च निम्मा. कोपराचं जुनं दुखणं असलेल्या मोठ्या माणसाला ती परवडली तर घ्यावी. पावसाळ्यात मात्र मल्टिफिलामेंटच बरी. मुलांसाठी हा खर्च करण्याची गरज नाही.

नॅचरल गटबद्दल घरातले वडीलधारे हमखास विचारतील : जनावर कोणतं, जिबह कसं झालं, हातात धरून खेळायला चालतं का? दीनी हुकूम सांगणं हे आमचं काम नाही. आपल्या भागातल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं, आणि विचारताना ती खाण्याची वस्तू नसून प्रक्रिया केलेली तार आहे हेही सांगावं. ज्यांना या प्रश्नात पडायचंच नाही त्यांच्यासाठी रस्ता मोकळा आहे. मल्टिफिलामेंट आणि पॉलीची हायब्रिड कारखान्यात तयार झालेल्या कृत्रिम धाग्यांची असते, आणि मुलांच्या खेळाला ती पुरेपूर आहे.

थोडक्यात

लहान मुलाला मऊ तार. तार तोडू लागलेल्या किशोराला हायब्रिड, ताण कमी ठेवून. हात दुखत असेल तर उभी मऊ, आडवी गुळगुळीत पॉली, किंवा पॉली पूर्ण बंद. आणि हायब्रिडमधली पॉली तुटली नाही तरी १५-२० तासांनी कापून टाकायची, मग कितीही जिवावर आलं तरी. आठवड्याला ५ तास खेळणाऱ्या मुलाची पॉली महिन्याभरात संपते. हा खर्च झेपणारा नसेल तर पूर्ण सिंथेटिक गट लावा आणि निर्धास्त राहा. शाळा-कॉलेजच्या पातळीवर सामना हरण्या-जिंकण्यात तारेचा वाटा फार थोडा असतो. रोजचा सराव, पायांची हालचाल आणि दुखणं नसलेला हात यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा.

आज घरी एवढंच करा : मुलाची रॅकेट हातात घ्या, उभ्या तारा बोटाने बाजूला सारून सोडा. झटक्याने परत येतायत का ते बघा. आणि शेवटची गटिंग कधी झाली ते विचारा. तारीख कोणालाच आठवत नसेल, तर वहीची सुरुवात आजपासून करायला हरकत नाही.